फडक्यावरची म्हातारी

म्हातारी गळायची. उभी राहिली की पोटाखाली बशीएवढा काळा डाग, आणि फिरून आली की त्या बशीची परात व्हायची. म्हातारी म्हणजे बाबांची मोटरसायकल. एकाच सिलिंडरची, जाड पोटाची, दादाच्याही जन्माआधीची.

बाबांचं गॅरेज ओळखलं जायचं ते एका फडक्यासाठी. दुरुस्त झालेली गाडी गेटबाहेर जाण्याआधी बाबा तिला चालवून आणत, इंजिनाखाली धुतलेलं पांढरं फडकं अंथरत, चार कोपऱ्यांवर चार लोखंडी पाने ठेवत आणि तासभर वाट पाहत. डाग पडला तर गाडी परत आत. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी बाबा ढिम्म. "दोष माहीत असलेली गाडी गेटबाहेर सोडायची नाही," एवढंच काय ते मोठ्याने बोलत. बाकी जन्मभर पुटपुटले. फक्त स्वतःच्या गाडीखाली त्यांनी फडकं कधी अंथरलं नाही. "ती म्हातारी आहे, तिला माफ," म्हणायचे.

बाबा गेले आणि म्हातारीवरून दादा आणि धाकटीची जुंपली.

खरं तर त्यांना भांडायला म्हातारीच हवी होती असं नाही. दोघं आधीपासून एकमेकांना पाण्यात पाहत. दादाने शाळा सुटली तसा पाना हातात घेतला, तो आजवर खाली ठेवला नव्हता. बाबांच्या आजारपणात त्यांना उचलून बसवणं, अंघोळ घालणं, सगळं त्यानेच केलं. धाकटी शिकली. कॉम्प्रेसरच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत बसून ती हवेचा दाब मोजायची आणि रविवारी फळांची पिशवी घेऊन यायची. "पाहुणी आली," दादा तिला ऐकू जाईल असं म्हणायचा. धाकटीचं म्हणणं एवढंच की तिला चालवायला शिकवलं ते म्हातारीवर, आणि बाबा तेव्हा "ही तुझीच" असं म्हणाले होते. ते ऐकलेलं तिसरं माणूस नव्हतं. दादाच्या मते तर दुसरंही नव्हतं.

शेवटी आई वैतागली. "फडक्यावर सोडा," ती म्हणाली. "दोघांनी एकेकदा काय करायचं ते करा. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन या आणि गाडी फडक्यावर उभी करा. ज्याचं कोरं राहील, त्याची म्हातारी. दोघांचंही काळं झालं तर दातांच्या डॉक्टरला देऊन टाकते."

दातांचा डॉक्टर बाबांचं जुनं गिऱ्हाईक होता. तो म्हातारीला दवाखान्यात काचेआड ठेवणार होता, शोभेला. तेल काढून, पेट्रोल काढून, कायमची. हे दोघांनाही सारखंच नको होतं, पण सारखं काही वाटलं तर ते एकमेकांना कळू न देण्यात दोघं तरबेज होते.

पहिली पाळी दादाची. त्याने इंजिन उतरवलं, सगळी पॅकिंग नवी घातली, प्रत्येक सांध्याला लुकण लावलं, प्रत्येक बोल्ट दात खाऊन आवळला. इंजिनाच्या पोटाला वरच्या अंगाला एक बारीक नळी होती. बाबा तिला नाक म्हणत. त्या नाकातूनही तेल यायचं, म्हणून दादाने तिथे बोल्ट मारून भोक बुजवून टाकलं. गळती बंद करायची तर भोक उघडं कशाला ठेवायचं, असा साधा हिशेब.

टाकीवरून तो परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत काळी होती. फडक्याचं तर पायपुसणं झालं. तरी बोल्ट काढून नळी पूर्ववत बसवली ती त्यानेच, आणि आत कोंडलेला वारा फस्सकन तोंडावर आला तेव्हा तो बराच वेळ त्या भोकाकडे पाहत उभा राहिला. काय झालं ते त्याला कळलं होतं. पण नेमकं तेव्हाच धाकटी हसली.

"बूच मारलंस? नाकाला?" आणि पुन्हा हसली. मोठ्याने, आईसमोर, दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर.

दादा हात पुसून आत गेला. त्या हसण्याची किंमत तो वसूल करणार, हे आईला कळलं, गिऱ्हाइकांनाही कळलं असावं. धाकटीला कळलं नाही.

पुढच्या रविवारी तिची पाळी. ती आली तर दादाने हत्यारांच्या कपाटाला कुलूप घालून ठेवलेलं.

"किल्ली?"

"हत्यारं गॅरेजची आहेत. पाहुण्यांना देत नाही."

"माझी आणलीत मी."

"मग विचारलंस कशाला?"

धाकटीने पिशवीतून दोन पाने, एक पेचकस, अंगठ्याएवढ्या जाडीची रबरी नळी आणि काळ्या प्लास्टिकचा एक छोटा व्हॉल्व्ह काढून बाकावर मांडला. व्हॉल्व्ह मोटारीच्या ब्रेकच्या नळीतला होता, जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला. आई स्टूल घेऊन जवळ बसली. लेकीचं काम पाहायला की भांडण आवरायला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"हे काय गं?"

"एका बाजूने हवा जाते, उलट्या बाजूने येत नाही. फुंकून बघ."

आईने फुंकलं. गेली. उलटं करून फुंकलं, तर गाल फुगले.

"दट्ट्या खाली येतो तेव्हा इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते," धाकटी म्हणाली. "सायकलच्या पंपासारखी. तिला बाहेर पडायला ही एवढीशी नळी. मग ती सापडेल त्या फटीतून निघते आणि जाताना तेल घेऊन जाते. दट्ट्या वर गेला की तीच नळी बाहेरची हवा परत आत ओढते. म्हणजे पुन्हा दाबायला हवा तयार. मी नळी मोठी करणार आणि हा व्हॉल्व्ह लावणार. हवा बाहेर जाईल, परत येणार नाही. मग पोटातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहील, आणि कमी दाब असेल तिथून तेल कशाला बाहेर येतंय?"

"म्हणजे आत वारा कोंडतो."

"हो."

"मग तसं सांग ना सरळ."

बाकाच्या पलीकडे दादा कुठल्याशा स्कूटरचा ब्रेक उघडून बसला होता. तो न पाहता म्हणाला, "आई, तिला विचार, हे बाबांना का सुचलं नाही म्हणून. चाळीस वर्षं झक मारली का त्यांनी?"

"बाबांनी म्हातारीला हातच लावला नाही," धाकटी म्हणाली.

"तुला काय माहीत त्यांनी कशाला हात लावला? तू होतीस इथे?"

"दादा, मला काम करू दे."

"कर ना. काम करायला कधी अडवलं तुला? ते शेवटी शेवटी रात्री हाका मारायचे, तेव्हाही काम होतं तुला. कुणाला मारायचे माहीत आहे? मला नाही. मी समोर बसलेला असायचो. तुला हाका मारायचे."

धाकटीच्या हातात तेव्हा व्हॉल्व्ह होता. दोन्ही बाजूंना नळीचे तुकडे, तुकड्यांवर क्लिपा. तिने मान वर केली नाही. "तू मला फोन का केला नाहीस?"

"पाहुण्यांना अपरात्री उठवू नये."

"अरे, पुरे," आई म्हणाली.

धाकटीचे कान तापले होते. डोळ्यांसमोरचं इंजिन धूसर झालं होतं, आणि काम पुढे नेत होते ते तिचे हात. त्या हातांना बाबांनी लहानपणीच एक धडा दिला होता. पेट्रोलच्या नळीत गाळणी बसवायची, गाळणीवर बाण असतो, बाणाचं तोंड इंजिनाकडे. तेलाची नळी, बाणाचं तोंड इंजिनाकडे. काहीही बसवा, जे काही जायचं ते इंजिनाकडे जायचं. या घरातल्या पोरांनी हे पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. हातांनी व्हॉल्व्ह फिरवला, त्यावरच्या बाणाचं तोंड इंजिनाकडे केलं, नळीत सरकवला आणि क्लिपा आवळल्या.

ती उठली तेव्हा दादा तिच्या मागेच उभा होता. हात पुसत तो नळीकडे पाहत होता. बराच वेळ.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"छान," दादा म्हणाला.

त्याने तिला याआधी छान कधी म्हटलं होतं ते धाकटीला आठवेना. टोमणा असेल, असं धरून तिने हेल्मेट चढवलं. दादाने स्वतः जाऊन गेट उघडलं.

म्हातारी चढावर कधीच कुरकुरत नसे. त्या दिवशी मात्र अर्ध्या चढावरच धाकटीच्या घोट्याला ऊब लागली. तिने खाली पाहिलं तर बूट चकाकत होता. इंजिनाच्या डाव्या बाजूने तेलाची धार लागली होती, सांध्यातून नव्हे तर चाकाकडच्या सीलमधून, पिचकारी मारावी तशी. थांबावं असं तिला वाटेपर्यंत पाण्याच्या टाकीखालचं वळण आलं. तिने गाडी कलती केली आणि मागचं चाक तिच्याखालून निघून गेलं. साबणावरून पाय जावा तसं, आवाज न करता.

वेग फार नव्हता. समोरून काही येत नव्हतं. कोपराची साल गेली, जाकिटाची बाही फाटली, म्हातारी कुशीवर पडून दोन-चारदा खोकली आणि बंद झाली. धाकटी रस्त्याच्या कडेला बसून राहिली. मग उठून तिने गाडी उभी केली आणि टायरवरून बोट फिरवलं. बोट काळं आणि ओलं.

तिने व्हॉल्व्ह पाहिला. बाण इंजिनाकडे.

म्हणजे बाहेरची हवा आत जात होती आणि आतली बाहेर येत नव्हती. तिने इंजिनाला श्वास दिला नव्हता, पंप लावून फुगवलं होतं. दादाने बूच मारलं होतं, तिने त्याच्या वरताण केलं. तिला स्वतःचं हसू आठवलं, आणि मग "छान" आठवलं.

तो नळीकडे पाहत होता. एवढा वेळ. नाकावर बूच मारून जो पँट काळी करून आला होता, त्याला तो बाण दिसला नसेल?

दिसला होता. दिसला, कळला, आणि त्याने गेट उघडलं.

पेचकस गॅरेजच्या बाकावर राहिला होता. तिने खिशातलं नाणं क्लिपांच्या स्क्रूंमध्ये घालून ते सैल केले, व्हॉल्व्ह काढला, तोंडाने फुंकून खात्री केली, पुन्हा फुंकलं, आणि बाणाचं तोंड इंजिनापासून दूर करून बसवला. नाण्यानेच क्लिपा आवळल्या. फाटलेल्या बाहीने टायर पुसला, त्यावर रस्त्याची धूळ चोळली, पुन्हा पुसला. इंजिन पुसता पुसेना. सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांमध्ये तेल जाऊन बसलं होतं. मग ती पायी माणसं पुढे जातील अशा वेगाने टेकडी उतरली. उतरताना एका हाताने नळीच्या टोकापाशी बोट धरून पाहिलं. फस्, फस्, फस्. हवा बाहेर येत होती, परत जात नव्हती. बूट पुन्हा ओला झाला नाही.

गॅरेजमध्ये आईने फडकं अंथरून ठेवलं होतं. पाने कपाटात कुलुपात, म्हणून कोपऱ्यांवर चार दगड. धाकटीने म्हातारी त्यावर उभी केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दादा दारात. आईने चहा केला, तो तिघांनी तीन कोपऱ्यांत तोंडं करून प्यायला.

तास संपायला आला तेव्हा सर्वांत खालच्या बोल्टच्या टोकाला एक थेंब जमला. फुगला. लोंबला. पडला.

"पडला," दादा म्हणाला. "डॉक्टरला फोन लावतो."

आई फडक्याकडे पाहतच नव्हती. "कोपराला काय झालं?"

"घसरले."

"तू? म्हातारीवरून?"

"मागच्या चाकावर तेल आलं. व्हॉल्व्ह उलटा बसला होता. माझ्याच हातून. टाकीपाशी सुलटा केला. हा थेंब जातानाच्या तेलाचा आहे, पात्यांमध्ये राहिलेला."

"कारणं," दादा म्हणाला. "माझ्याकडेही होती. मी सांगत बसलो?"

"तुला दिसला होता," धाकटी म्हणाली.

"काय?"

"बाण."

आईने कप खाली ठेवला. "दिसला होता?"

"तिला विचार. शिकलेली ती आहे."

"मी तुला विचारतेय."

दादाने दाराच्या कडीशी चाळा केला. "दिसला होता."

"आणि सोडलीस तिला?"

"मला वाटलं कोपऱ्यावर जाऊन बंद पडेल. परत ढकलत आणेल. तेवढीच जिरेल, म्हटलं."

"बंद पडणार नाही हे तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली. आवाज तिने चाचणीच्या खोलीतलाच ठेवला, चढू दिला नाही. "बूच मारून तू स्वतः टाकीपर्यंत जाऊन आला होतास. बंद पडली होती?"

दादाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "हो, माहीत होतं! हसलीस तेव्हा तुला काय माहीत होतं? लोकांसमोर! मी इथे रोज उभा राहतो त्या लोकांसमोर! तू आपलं हसायचं आणि संध्याकाळच्या बसने चालू लागायचं. तेल टायरवर जाईल हे डोक्यात आलं नाही माझ्या. आलं असतं तर..."

"तर?"

"नाही आलं म्हटलं ना!"

"मेकॅनिकच्या डोक्यात नाही आलं."

"तोंड सांभाळ."

आई वाकली. तिने दगड बाजूला केले, म्हातारीखालून फडकं ओढून काढलं, डाग आत जाईल अशी त्याची घडी घातली आणि ते काखेत मारलं. मग ती कापडांच्या पेटीतून दुसरं घेऊन आली.

"इंजिन धू," ती धाकटीला म्हणाली. "पात्यांमधलं सगळं काढ. आणि पुन्हा जा."

"एकदाच ठरलं होतं," दादा म्हणाला.

"एकदाही जायची नव्हती ती, तुझे बाबा गेटवर असते तर." आई त्याच्याकडे वळली. "या वेळी गाडी तू सोडायची. ते सोडायचे तशी. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत हात लावून. दोष दिसला तर सांगायचा. नसेल सांगायचा तर आजपासून फडकं अंथरणं बंद. मी धुणार नाही."

दादाने आईकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं नाही. "आणि कोरं राहिलं की बाईसाहेब घेऊन जाणार."

"घेऊन जाणार," आई म्हणाली.

धाकटीने ब्रश आणि रॉकेल घेऊन इंजिन धुतलं. पातं न् पातं. दादाने तोवर त्या स्कूटरचा ब्रेक दोनदा बसवून दोनदा उघडला. मग तो आला. पुढच्या चाकाचा नट. हँडल. क्लचची तार. बाबा करायचे त्याच क्रमाने, बोटाच्या पेराने टकटक करत. इंजिनाच्या पोटाशी येऊन तो उकिडवा बसला आणि नवी नळी त्याने मुठीत धरली. व्हॉल्व्हवरचा बाण पाहिला. मग मागच्या क्लिपेवर अंगठा ठेवला, आणि क्लिप अंगठ्याबरोबर फिरली.

नाण्याने आवळलेली क्लिप. धाकटीलाही ती फिरताना दिसली. चढावर ती नळी सुटणार, व्हॉल्व्ह लोंबणार, आणि म्हातारी पहिल्यासारखी गळत परत येणार. कुणी पडणार नाही, कुणाला खरचटणार नाही. फक्त फडकं काळं होईल आणि डॉक्टरला फोन जाईल. ती स्वतः बोलू शकली असती. ती बोलली नाही. तिला पाहायचं होतं.

दादा अंगठा तिथेच ठेवून बसला. मान वर न करता त्याने दुसरा हात मागे पसरला, तळवा वर.

"पेचकस."

तिचा पेचकस समोर बाकावर होता. तिने तो दिला नाही. "तुझ्या कपाटात असेल. कुलूप तूच लावलंस."

दादा उठला, खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं. परत येऊन त्याने क्लिप आवळली, मग पुढची, जी सैल नव्हती. नळी ओढून पाहिली.

"नाण्याने आवळतात का क्लिपा? कारखान्यात हेच शिकवतात?"

"पेचकस राहिला इथे."

"राहतंच तुझं काही ना काही इथे." तो मागच्या चाकाकडे सरकला. टायरवर तळहात फिरवून त्याने तो तिच्यासमोर धरला. पंजावर काळी चकाकी. "हे पुसलंस?"

"पुसलं होतं."

"खोटं." त्याने चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि चाक फिरवत फिरवत सगळा टायर घासून काढला. एकदा, मग कोरड्या चिंधीने पुन्हा. मागच्या दिव्यावर टकटक केली आणि उठला.

"जा. परत आलीस, तास झाला, की घेऊन चालती हो. आणि फळं आणत जाऊ नकोस. कुणी खात नाही इथे."

"आईसाठी असतात."

"आईही खात नाही. मला देते."

आई पदर सारखा करत दुसरीकडे पाहू लागली.

धाकटीने हेल्मेटचा पट्टा लावला. हसू येईल अशी तिला भीती वाटली, आणि आज हसणं परवडणारं नव्हतं. तिने किक मारली. म्हातारीच्या पोटातून नव्या नळीवाटे श्वास बाहेर पडू लागला, फस्, फस्, एका लयीत. दादाने गेट उघडलं, पुरतं. ती बाजूने जाताना तो म्हणाला, "वळणावर खडी आहे," तेही रागानेच, जणू ती खडी तिनेच टाकली होती.

रस्त्यावर पडायच्या आधी तिने आरशात पाहिलं. आईने अंथरलेल्या दुसऱ्या फडक्यापाशी दादा वाकला होता. चारही दगड त्याने एकेक करून भिंतीकडे भिरकावले, आणि उघड्या कपाटाकडे पाने आणायला निघाला.